52 हजार किमी चाललेली, 14 वर्षांची आय-टेन: टायमिंग बेल्ट आत्ताच का बदलला आणि खर्च किती आला

गाडी ह्युंदाई आय-टेन एरा, 1.1 पेट्रोल, 2011 चं मॉडेल, मीटरवर 52 हजार आणि वर थोडं. घेणारे माझे दाजी, राहायला कराडला. विकणारे साताऱ्याचे एक रिटायर्ड बँकवाले काका, सिंगल ओनर, गाडीचा वापर म्हणजे मंडई, दवाखाना आणि वर्षातून एखाद वेळी पुणे नाहीतर गोंदवले. व्यवहार 1 लाख 65 हजाराला झाला. ही 2025 च्या दिवाळीआधीची गोष्ट.

गाडी बघायला खरंच छान होती, सीटची कव्हरं पण फाटलेली नाहीत, स्टेपनी तर बहुतेक कधी जमिनीला लागलीच नसावी. सगळे खूश. आणि बेल्टचा विषय मी काढला तर दाजींचा हिशोब तयारच होता, "अरे बेल्ट ऐंशी-नव्वद हजाराला बदलतात ना, अजून तीस हजार बाकी आहेत, म्हणजे आपली तीन वर्षं निघाली." हा हिशोब मी इतक्या लोकांकडून ऐकलाय की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. कारण कमी चाललेली जुनी गाडी हीच टायमिंग बेल्टच्या बाबतीत सगळ्यात जास्त धोक्याची असते, आणि नेमकी तीच गाडी लोक सगळ्यात निर्धास्त होऊन घेतात.

आधी एक मुद्दा मिटवावा लागला, की या गाडीत बेल्ट आहे का चेन. विकणाऱ्या काकांच्या मुलानं फोनवर ठासून सांगितलं की आय-टेनला चेन असते, बदलायची भानगडच नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याची माहिती अर्धी होती. आय-टेन आपल्याकडे दोन पेट्रोल इंजिनात आली, 1.2, ज्याचं नाव कप्पा आणि ज्याला चेन आहे, आणि 1.1 जे जुन्या सॅन्ट्रो झिंगच्या घराण्यातलं इंजिन आहे आणि त्याला बेल्ट आहे. बाहेरून गाडी तीच, नाव तेच. ओळखायचं सोपं आहे, आरसी बुकावर सीसी बघायची, 1086 असेल तर बेल्ट, 1197 असेल तर चेन. बॉनेट उघडून पण कळतं, बेल्टवाल्या इंजिनाला बाजूनं काळं प्लास्टिकचं कव्हर असतं, छोट्या बोल्टांवर बसवलेलं, चेनवाल्याला तिथं धातूचं बंद कव्हर असतं कारण चेन आत ऑइलमध्ये फिरते. दाजींच्या आरसीवर 1086. विषय संपला.

आता हा बेल्ट करतो काय ते थोडक्यात, कारण ते समजलं नाही तर पुढचा खर्च उगाच वाटतो. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व उघडतो-मिटवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, ना कमी ना जास्त, आणि हे जुळवून ठेवणारा एकच पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. गाडी 3000 आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला 50 फेरे घेतो, कॅम 25, म्हणजे एकेक व्हॉल्व सेकंदात 25 वेळा उघडून मिटतो, आणि पिस्टन वर यायच्या आत तो वाटेतून बाजूला झालेला असतो. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, जे व्हॉल्व उघडे असतील ते उघडेच राहतात, खालून पिस्टन येतो आणि धडकतो. या 1.1 इंजिनात व्हॉल्व वाकतात. सगळ्याच इंजिनांत असं होतं असं नाही, काहींमध्ये जागा ठेवलेली असते, पण आजकालच्या बहुतेक गाड्यांत नसते.

मग वय कुठून आलं मध्येच? बेल्ट रबराचा, आत काचतंतूच्या दोऱ्या. दोऱ्या वर्षानुवर्षं टिकतात, रबर कडक होत जातं, बॉनेटखालच्या उष्णतेनं तर जास्तच, आणि कुठल्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर आणखी लवकर. माळ्यावर ठेवलेले बूट न वापरता पण सोल सोडतात ना, तसंच हे. शिवाय उभ्या गाडीत बेल्ट महिनोन्महिने एकाच जागी छोट्या क्रँक पुलीभोवती वाकलेला बसतो, तेच तेच दात ताणलेले. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं किंवा महिने, आणि पुढे लिहिलेलं असतं "जे आधी येईल ते". आपल्याकडे लोक फक्त पहिला आकडा लक्षात ठेवतात. किलोमीटरचा आकडा गाडीगणिक वेगळा, ढोबळ मानानं 60 हजार ते 1 लाख, तुमच्या गाडीचा तुमच्या पुस्तिकेत बघा. वर्षांचा मी सरळ पाच धरतो, आपल्या हवेत तरी. या गाडीचा बेल्ट मूळचाच असेल तर तो चौदा वर्षांचा.

मूळचाच आहे का हे शोधणं पुढचं काम. सर्विस बुकात 2016 पर्यंत शिक्के होते, त्यात कुठे बेल्टचा उल्लेख नाही. त्यानंतर गाडी घराजवळच्या गॅरेजला जायची, ऑइल बदलायचं, बिल नाही. बेल्ट बदलला की बरेच मिस्त्री कव्हरवर किंवा बॉनेटच्या आत एक स्टिकर लावतात, तारीख आणि किमी लिहून, तसलं काही नव्हतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बेल्ट बदललाय ना, मागच्याच वर्षी, चू चू आवाज यायचा म्हणून." तो बाहेरचा बेल्ट, अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा. इथे लोकांची फार गल्लत होते, आणि गंमत नाही, यावर इंजिनं गेलेली आहेत. सकाळी स्टार्ट केल्यावर जो चू चू आवाज येतो तो बाहेरच्या पट्ट्याचा, टायमिंग बेल्ट असा आवाज करून सांगत नाही. टेन्शनर म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली, तिचं बेअरिंग वाजलं तर वाजलं, नाहीतर काल चांगली चाललेली गाडी आज सिग्नलवर बंद पडते, एवढंच.

माझं म्हणणं असं होतं की ताई आणि पोरं घेऊन पुण्याला यायच्या आधी हे काम करून घ्या. कराड-पुणे म्हणजे हायवेचा सलग पल्ला, परत जाताना खंबाटकी घाट चढायचा, पाच माणसं आणि एसी चालू. चौदा वर्षं मंडईला जाणाऱ्या बेल्टवर एकदम तो ताण टाकायचा आणि घाटात ट्रकांच्या मध्ये गाडी बंद पडायची, नको ते. दाजींचं म्हणणं, आत्ताच एवढे पैसे घातलेत, वर 2026 ला पंधरा वर्षं होणार, आरसी रिन्यू करायची, त्याची फी 5 हजार, ग्रीन टॅक्स वेगळा, आधीच खर्चाची रांग लागलीय. ते पण चुकीचं नव्हतंच. शेवटी ठरलं की आधी वरचं कव्हर काढून बघू आणि मग बोलू.

गॅरेज कराडमधलंच, मिस्त्री दाजींच्या ओळखीचे. तिथे योगायोगानं दुसरी एक छोटी पेट्रोल गाडी उभी होती, बेल्ट तुटून उंब्रजजवळ बंद पडलेली, टोचन लावून आणलेली, हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग, काढून टेबलावर उलटं ठेवलेलं. मिस्त्रींनी दाजींना बोलावून दाखवलं. पिस्टनच्या डोक्यावर काळ्या काजळीत चंद्रकोरीसारख्या चकचकीत खुणा, व्हॉल्वची धार जिथे बसली तिथे. आणि व्हॉल्व हातात घेऊन त्यांनी सपाट काचेवर गडगडवला, दांडी सरळ असती तर नीट फिरला असता, हा डोलत डोलत गेला. त्या गाडीच्या मालकानं बंद पडल्यावर परत परत सेल मारलेला. बेल्ट तुटल्यावर सेल मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भराभर फिरल्याचा आवाज येतो कारण आत दाबच तयार होत नाही, तो आवाज ओळखून तिथेच थांबायला हवं. "सेल मारू नका म्हनलं तर लोकं ऐकत न्हाईत, मला फोन लावत्यात आनि तिकडं चावी फिरवत असत्यात," मिस्त्री म्हणाले. त्या गाडीचं एस्टिमेट 26 हजार निघालं होतं, व्हॉल्व, गाईड, हेडचं लेथकाम, गॅस्केट किट, ऑइल, कूलंट, मजुरी असं सगळं, आणि बेल्ट-टेन्शनर त्यात आलेच. हे पाहिल्यावर आमच्या चर्चेला फार काही उरलं नाही.

तरी कव्हर काढून बघितलंच. वरून बेल्टचा थोडाच भाग दिसतो. पाठीवरची छापील अक्षरं जवळपास पुसलेली, म्हणजे मूळचाच असण्याची दाट शक्यता. पण वरून दिसणारा भाग बऱ्यापैकी बरा होता हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण "वरून बघितला, चांगला आहे" असं सांगून गाडी परत पाठवणारे खूप आहेत. खरी अवस्था बेल्ट बाहेर आल्यावर कळली. उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा उघडल्या, एका कडेचे दोरे सुटलेले, आणि खालच्या क्रँककडच्या भागाला ऑइलचा ओलसर काळा थर. टेन्शनर बोटानं फिरवला तर घरघर. हा बेल्ट 80 हजारापर्यंत गेला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माझ्या ताईच्या गाडीत मी तो परत बसवू दिला नसता.

पार्ट मी पुण्यातून, नाना पेठेतून घेऊन गेलो होतो. बेल्ट आणि टेन्शनर कंपनीचेच घेतले, मोबिस या ह्युंदाईच्या पार्ट ब्रँडच्या डब्यातले, एमआरपीचं लेबल आणि होलोग्राम बघून. बाहेरच्या नावाजलेल्या ब्रँडचा बेल्ट पण चालतो, वाईट नसतो, फक्त बिल घ्या आणि ओळखीच्या दुकानातून घ्या, कारण डुप्लिकेट माल या बाजारात भरपूर आहे आणि शंभर-दोनशे रुपये वाचवायला ही जागा योग्य नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर जीएसटी 18 टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर 28 होता, त्यामुळे डब्यावरची जुनी एमआरपी आणि बिलाची रक्कम ताडून बघायची.

काम कसं झालं ते सांगतो, म्हणजे मजुरी कशाची घेतात ते कळेल. ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, इंजिनच्या सम्पखाली, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, लाकडी फळी ठेवून जॅकनं आधार दिला कारण त्या बाजूचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, सोडवावा लागतो. बाहेरचे दोन पट्टे काढले, वॉटर पंपाची पुली काढली. क्रँक पुलीचा मोठा बोल्ट सगळ्यात जड, त्यासाठी गाडी पाचव्या गिअरला टाकून दाजींना ब्रेक दाबून बसवलं आणि मिस्त्रींनी लांब पाइप लावून तो सोडवला. मग खालचं कव्हर. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून क्रँकची खूण आणि कॅम पुलीची खूण जुळवली, दोन्हीवर पांढऱ्या मार्करनं रेघ मारली, मगच जुना बेल्ट उतरवला. नवा बसवल्यावर टेन्शनर सोडून ताण दिला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन हातानं, पान्यानं, क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत जागेवर येतात का ते बघितलं. हे दोन फेरे न घेता जो डायरेक्ट चावी मारतो त्याच्याकडे हे काम देऊ नका. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी गाडी खडखडते, पिकअप जातो, आणि जास्त चुकला तर नव्या बेल्टवर पण व्हॉल्व वाकतात.

उघडलं तेव्हा अजून दोन गोष्टी सापडल्या. क्रँकचं पुढचं ऑइल सील झिरपत होतं, बेल्ट ओला होण्याचं कारण तेच. ते बदललं, आणि कॅमचं पण बदललं, सीलची किंमत किरकोळ असते. दुसरं म्हणजे वॉटर पंपाच्या खाली जे बारीक भोक असतं तिथून कूलंटचा सुकलेला ओघळ. या इंजिनात पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, टायमिंग बेल्टवर नाही, त्यामुळे तो आत्ताच बदलायची सक्ती नव्हती. पण त्याची पुली उघडलेलीच होती, गळतीची सुरुवात दिसत होती, सहा महिन्यांनी परत हेच सगळं उघडून परत मजुरी देण्यात काय अर्थ. दाजींनी एका वाक्यात हो म्हटलं.

बिल असं झालं. टायमिंग बेल्ट 1,050, टेन्शनर 1,350, वॉटर पंप 1,900, बाहेरचे दोन पट्टे 780, क्रँक आणि कॅमचं सील मिळून 420, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर 480, मजुरी 2,200. एकूण 8,180 रुपये. यातलं नुसतं बेल्टचं काम म्हणजे बेल्ट, टेन्शनर आणि मजुरी, 4,600 चं, बाकीचे 3,580 त्याच उघडझाकीत उरकलेल्या गोष्टींचे. कंपनीच्या सर्विस सेंटरला आधी विचारलं होतं तर तिथे साडेअकरा हजाराच्या आसपास सांगितलं होतं, तिथे कामाची वॉरंटी मिळते, ज्यांच्याकडे खात्रीचा मिस्त्री नाही त्यांनी खुशाल तिथे जावं, फरक काही एवढा मोठा नाही. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळाली.

कोणी "बेल्ट बदला हजार रुपयात" म्हणालं तर समजून जा की टेन्शनर जुनाच राहणार आहे. टेन्शनर जाम झाला किंवा त्याचं बेअरिंग तुटलं तर नवा बेल्ट पण फेकला जातो. म्हणून भाव विचारताना थेट विचारायचं, टेन्शनर धरून का, पंप धरून का, सील धरून का, कूलंट कोणाचं. नाहीतर दोन गॅरेजच्या भावांची तुलनाच होत नाही.

हे आकडे छोट्या पेट्रोल गाडीचे आहेत, डिझेलला हेच धरून चालू नका. डस्टरचं 1.5 डिझेल किंवा पोलो, रॅपिडचं 1.5 टीडीआय, यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे तो बदलायचाच, खूण धरायला वेगळी लॉकिंग टूल लागतात, आणि खर्च पंधरा हजारापासून पंचवीस हजारापर्यंत कुठेही जातो, गाव आणि गॅरेज बघून. मारुतीच्या 1.3 डिझेलला चेन आहे, तिथे हा प्रश्नच नाही, तिथे ऑइल वेळेवर बदलणं बघायचं. इकोस्पोर्टच्या 1.0 इकोबूस्टचा बेल्ट तर इंजिन ऑइलमध्ये बुडून फिरतो, त्यात चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं तर बेल्टचे तुकडेच सुटायला लागतात, तो वेगळाच विषय आहे. जुन्या 2.5 डिझेल इनोव्हात डॅशबोर्डवर टी-बेल्टचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा, दिवा येतो, बऱ्याच जणांना वाटतं दिवा आला की बदलू. तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो. गाडी कमी चालली असेल तर दिवा यायच्या आधीच बेल्टची वर्षं भरलेली असतात, आणि दिवा कोणी रीसेट करून गाडी विकली असेल तर तोही आधार गेला.

सेकंड हँड गाडी घेताना मी हा खर्च किमतीतच धरायला सांगतो. बेल्ट बदलल्याचं बिल असेल तर उत्तम, तोंडी सांगितलं असेल तर बदललाच नाही असं समजायचं आणि तेवढे पैसे व्यवहारात कमी करून मागायचे. दाजींनी ते केलं नव्हतं कारण काका भला माणूस आणि गाडी खरंच जपलेली, पण 1 लाख 65 च्या व्यवहारात सात-आठ हजाराची घासाघीस या एका मुद्द्यावर सहज होते आणि समोरच्याला ती पटते पण, कारण मागणी पुस्तिकेत लिहिलेल्या गोष्टीची असते.

काम झाल्यावर मिस्त्रींनी कव्हरवर पेंट मार्करनं महिना-वर्ष आणि मीटरचा आकडा लिहिला, मी त्याचा आणि बिलाचा फोटो ताईच्या फोनवर टाकून ठेवला, पुढचा नंबर 2030 चा, किमी कितीही कमी होवोत. पहिले काही दिवस सकाळी गार इंजिनावर कूलंटची टाकी बघायला सांगितली, कारण सिस्टीममधली हवा निघाली की पातळी थोडी खाली जाते, एकदा टॉप-अप करावं लागलं, मग स्थिर. एक काम बाकी आहे, माउंटिंग सोडवलं तेव्हा त्याचं रबर फाटत आलेलं दिसलं, पार्ट कराडला हातात नव्हता म्हणून तेच परत बसवलं. गाडी उभी असताना एसी लावला की स्टिअरिंगला जी थरथर जाणवते ती त्याचीच, ते बदलायला बेल्टला हात लावावा लागत नाही, खालून आधार देऊन वरच्या वर निघतं, पुढच्या सर्विसला करायचं ठरलंय.